ओहायोचं जंगल, विजयदुर्गचा किल्ला

मागच्या डिसेंबरात ऑफिसमधले आम्ही पाच जण विजयदुर्गला गेलो होतो. गाइड काका उत्साही होते. तटबंदी, चोरवाटा, समुद्राखालची भिंत असं सगळं सांगत सांगत ते एका बुरुजावर थांबले आणि खाडीकडे हात करून म्हणाले, "१७५६ला आरमार जळलं ते इथं. समुद्रातून वॉटसनच्या तोफा आणि जमिनीवरून क्लाइव्ह."

माझ्या मित्रानं विचारलं, "क्लाइव्ह म्हणजे प्लासीवाला? तो कोकणात काय करत होता?"

काका हसले. "ते काय मला माहीत नाही. पण आला होता खरा."

परतीच्या गाडीत सगळे झोपले आणि मी मोबाइलवर शोधत बसलो. शाळेत प्लासी एका धड्यात होती, पानिपत दुसऱ्या, आणि अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध तर वेगळ्याच इयत्तेत. तीन धडे, तीन परीक्षा, एकमेकांशी संबंध शून्य. पण क्लाइव्हच्या मागे जायला लागलो तसा कोकणातून हैदराबादला पोचलो, तिथून लंडन-पॅरिसला आणि शेवटी उत्तर अमेरिकेतल्या एका जंगलात. तिन्ही धड्यांच्या मागे एकच युद्ध होतं. १७५६ ते १७६३ असं चाललेलं हे सप्तवार्षिक युद्ध. युरोप, उत्तर अमेरिका, कॅरिबियन बेटं, पश्चिम आफ्रिका, भारत, फिलिपिन्स इतक्या ठिकाणी लढलं गेलेलं. विन्स्टन चर्चिलनं तर यालाच 'पहिलं महायुद्ध' म्हटलंय.

माझ्या कामात एक पद्धत आहे. रात्री दोन वाजता सिस्टिम कोसळते, सगळे जागे होतात, कसंबसं पूर्ववत करतात. दुसऱ्या दिवशी मीटिंग होते आणि कारण शोधलं जातं. ते बहुतेक वेळा हास्यास्पदरीत्या छोटं असतं, कुणीतरी एका फाइलमध्ये एक आकडा बदललेला असतो. नवीन माणूस म्हणतो, सापडलं कारण. अनुभवी माणूस म्हणतो, थांब, आकडे तर रोज बदलतात. एवढ्याशा चुकीनं सगळं बंद पडावं अशी जोडणी कुणी केली होती, ते सांग.

या युद्धाकडेही मला तसंच बघायचंय.

पंधरा मिनिटं

आधी तो छोटा आकडा.

२८ मे १७५४. आजच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातलं जंगल. व्हर्जिनिया या इंग्रज वसाहतीच्या तुकडीतली चाळीसेक माणसं आणि त्यांच्यासोबत दहा-बारा आदिवासी योद्धे एका घळीजवळ पोचतात. खाली फ्रेंच तुकडी नुकतीच जागी होत असते. गोळ्या सुटतात. सगळा प्रकार पंधराएक मिनिटांत आटोपतो. फ्रेंचांचा तरुण अधिकारी जुमोनव्हिल मारला जातो. इंग्रज तुकडीचा म्होरक्या असतो २२ वर्षांचा, लढाईचा अनुभव नसलेला जॉर्ज वॉशिंग्टन. हो, तोच.

त्या दिवशी ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात युद्ध नव्हतं. भांडण होतं ओहायो नदीच्या खोऱ्याचं. कॅनडा आणि मिसिसिपी इथल्या आपल्या वसाहती जोडायला फ्रेंचांना हे खोरं हवं होतं. व्हर्जिनियातल्या बड्या जमीनदारांनी 'ओहायो कंपनी' काढून तिथल्या जमिनी विकायचा बेत केला होता, आणि वॉशिंग्टनला पाठवणाऱ्या गव्हर्नरचे स्वतःचेच हितसंबंध त्या कंपनीत होते. आज जिथे पिट्सबर्ग शहर आहे, तिथे फ्रेंचांनी किल्ला बांधायला घेतला होता.

या गोष्टीत एक तिसरा माणूस आहे आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याचं नाव तानाघ्रिसन. तो सेनेका जमातीचा पुढारी होता. ओहायो खोऱ्यातल्या लोकांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे असा त्याचा दावा होता, पण त्याची स्वतःचीच माणसं त्याचं ऐकेनाशी झाली होती. फ्रेंचांचं बळ वाढत होतं आणि तानाघ्रिसननं पैज लावली होती इंग्रजांवर. फ्रेंचांचा तळ कुठे आहे, हे वॉशिंग्टनला त्यानंच कळवलं. काही वृत्तांतांनुसार जखमी जुमोनव्हिलला कुऱ्हाडीनं ठार करणाराही तोच. अशा हत्येनंतर इंग्रजांना मागे फिरणं अवघड होईल आणि त्यांच्या बळावर आपलं स्थान टिकेल, असा त्याचा हिशेब असावा, असं काही इतिहासकारांना वाटतं.

मोठ्या सत्तेला आपल्या छोट्या भांडणात ओढायचं आणि काम झालं की ती परत जाईल असं समजायचं. हा हिशेब लक्षात ठेवा, तो पुन्हा भेटणार आहे.

पाच आठवड्यांनी फ्रेंचांनी वॉशिंग्टनला गाठलं. या तुकडीचा नायक जुमोनव्हिलचा भाऊ होता. भर पावसात वॉशिंग्टननं शरणागतीच्या कागदावर सही केली. कागद फ्रेंचमध्ये होता आणि त्याला फ्रेंच येत नव्हतं. त्यात जुमोनव्हिलचा 'खून' झाल्याची कबुली होती. फ्रान्सला आता छापून जगाला दाखवायला पुरावा मिळाला.

जोडण्या

इथवर हे सरहद्दीवरचं भांडण होतं. लंडननं १७५५मध्ये जनरल ब्रॅडॉकबरोबर सैन्य पाठवलं. जुलैत फ्रेंच आणि त्यांच्या आदिवासी मित्रांनी त्याचा धुव्वा उडवला, ब्रॅडॉक जखमी होऊन मेला. समुद्रावर ब्रिटिश आरमार फ्रेंच जहाजं पकडू लागलं. युद्ध जाहीर झालेलं नव्हतंच.

पण ब्रिटनच्या राजाला एक वेगळीच काळजी होती. दुसरा जॉर्ज हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचाही शासक होता. अमेरिकेत फ्रेंचांशी बिनसलं तर ते इकडे हॅनोव्हरवर चालून येतील, ही त्याची धास्ती. म्हणून जानेवारी १७५६मध्ये ब्रिटननं प्रशियाच्या फ्रेडरिकशी करार केला. फ्रेडरिक तोवर फ्रान्सचा मित्र होता. फ्रान्स चिडला आणि मे महिन्यात त्यानं आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैऱ्याशी, ऑस्ट्रियाशी हातमिळवणी केली. ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसाला ओहायोशी काडीचं देणंघेणं नव्हतं. फ्रेडरिकनं १७४०मध्ये हिसकावलेला सायलेशिया प्रांत तिला परत हवा होता. रशियाला प्रशिया लहान करायचा होता. आपल्याला घेरलं जातंय असं वाटून फ्रेडरिकनंच ऑगस्टमध्ये सॅक्सनीवर हल्ला केला.

यातला प्रत्येक करार बचावासाठी केलेला होता आणि प्रत्येक पाऊल ते उचलणाऱ्याला शहाणपणाचंच वाटत होतं. पण प्रत्येक करारानं दोन वेगळी भांडणं एकमेकांना बांधून टाकली. आता सायलेशियाचं भांडण पेटलं की ओहायोचं पेटणार होतं, आणि ओहायोचं पेटलं की हॅनोव्हरचं.

आपण म्हणतो, युद्ध वणव्यासारखं पसरलं. पण वणव्याला फक्त गवत लागतं. इथे प्रत्येक ठिकाणी आधीपासून एक जुनं भांडण तयार बसलं होतं आणि ते घेऊन बसलेल्या माणसाला बाहेरचं बळ हवं होतं.

तसं एक भांडण कोकणातही होतं.

तुळाजी, नानासाहेब आणि इंग्रज

कान्होजी आंग्रे १७२९मध्ये गेले. त्यानंतर घराण्यात फूट पडली. दक्षिणेकडचा भाग, म्हणजे सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग, तुळाजी आंग्र्यांकडे आला. तुळाजी शूर होते, पण पुण्याचा हुकूम मानायला तयार नव्हते. नानासाहेब पेशव्यांना त्यांना वठणीवर आणायचं होतं. अडचण एकच होती. पेशव्यांची ताकद जमिनीवर होती आणि तुळाजींची पाण्यावर.

पाण्यावरची ताकद आणखी एकाकडे होती. आंग्र्यांच्या आरमारानं मुंबईच्या इंग्रजांना कित्येक वर्षं छळलं होतं. मार्च १७५५मध्ये पेशव्यांच्या वतीनं रामाजी महादेव यांनी इंग्रजांशी तह केला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला.

त्याच वर्षाअखेरीस क्लाइव्ह मुंबईत उतरला. तो तुळाजींसाठी आलाच नव्हता. हैदराबादला निजाम सलाबतजंगच्या दरबारात बुसी नावाचा फ्रेंच सेनानी आपल्या कवायती फौजेसह बसला होता आणि दख्खनचं राजकारण बरंचसं त्याच्या हातात होतं. पेशव्यांच्या साथीनं बुसीला उखडायचं, हा लंडनमध्ये शिजलेला बेत होता. पण तोवर कर्नाटकात मद्रासच्या इंग्रजांनी आणि पाँडिचेरीच्या फ्रेंचांनी तात्पुरता तह केला होता. मुंबईकर इंग्रजांनी बुसीच्या मोहिमेतून अंग काढून घेतलं.

म्हणजे मुंबईत आता एक सज्ज फौज आणि वॉटसनचं आरमार, दोन्ही रिकामे बसले होते. शेजारी तुळाजींचा विजयदुर्ग होता. इंग्रज अधिकाऱ्यांनी निघण्याआधीच बसून लूट कशी वाटायची ते ठरवलं. त्या वाटणीत मराठ्यांचं नाव नव्हतं.

फेब्रुवारी १७५६. तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले आणि तिथेच अडकले. १२ तारखेला मारा सुरू झाला. एका गोळ्यानं एक जहाज पेटलं, दाटीनं उभ्या असलेल्या जहाजांमध्ये आग पसरली आणि आंग्र्यांचं आरमार जवळजवळ सगळं जळालं. हेच त्या काकांनी बुरुजावरून दाखवलं होतं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. सुमारे दहा लाख रुपयांची लूट इंग्रजांनी आपापसात वाटून घेतली. किल्ला पेशव्यांना द्यायचं ठरलेलं असूनही सोडेनात. पत्रापत्री, तक्रारी, टाळाटाळ यांत महिने गेले. अखेर ऑक्टोबरच्या करारानं विजयदुर्ग मिळाला आणि बाणकोट व आसपासची काही गावं इंग्रजांकडे राहिली. तुळाजी कैदेतच वारले.

नानासाहेबांवर यासाठी आजही टीका होते. मला ते मूर्ख वाटत नाहीत. त्यांच्या जागेवरून हे घरातलं भांडण होतं आणि इंग्रज हे किनाऱ्यावरचे व्यापारी, भाड्यानं मिळणारं आरमार. तानाघ्रिसनलाही इंग्रज असेच वाटले होते. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल, पण त्यांचा हिशेब एकच होता. आणि दोघांनाही दिसत नव्हतं की ज्याला आपण आपल्या भांडणात वापरतोय, त्याच्या भांडणात आपणही एक सोंगटी आहोत.

तीच जहाजं

विजयदुर्गनंतर क्लाइव्ह आणि वॉटसन मद्रासच्या बाजूला गेले. तिकडे बंगालमध्ये नवंच प्रकरण उभं राहत होतं. फ्रान्सशी युद्ध होणार या अंदाजानं कलकत्त्याचे इंग्रज आपल्या किल्ल्याची डागडुजी करत होते. नवा नवाब सिराज-उद-दौला म्हणाला, माझ्या राज्यात परवानगीशिवाय तटबंदी चालणार नाही. इंग्रज ऐकेनात. जून १७५६मध्ये त्यानं कलकत्ता घेतलं.

नीट बघा काय झालं ते. इंग्रज-फ्रेंच युद्धाची बातमी अजून बंगालमध्ये पोचलेलीही नव्हती. ते होईल या नुसत्या भीतीनं तिसऱ्याशीच युद्ध झालं.

कलकत्ता सोडवायला मद्रासहून वॉटसनचा ताफा निघाला. फेब्रुवारीत विजयदुर्गवर आग ओकणारी 'केंट', 'टायगर', 'सॅलिसबरी' ही जहाजं वर्षभरात हुगळीत होती. जानेवारी १७५७मध्ये कलकत्ता परत घेतलं, आणि त्याच सुमारास बातमी आली की लंडननं मागच्या मे महिन्यातच युद्ध जाहीर केलंय. मधल्या आठ महिन्यांत जगाच्या या टोकाला तांत्रिकदृष्ट्या शांतता होती! बंगालपुरतं आपण तटस्थ राहू या, अशी बोलणी तिथल्या इंग्रज-फ्रेंचांमध्ये झाली, ती फिसकटली. मार्चमध्ये फ्रेंचांचं चंद्रनगर पडलं. तिथेही तोफा याच जहाजांच्या होत्या.

जूनमध्ये प्लासी. तिथेही आपल्याला ओळखीचा हिशेब सापडतो. मीर जाफरला गादी हवी होती, जगत सेठांना नको असलेला नवाब घालवायचा होता. इंग्रज काम करतील, पैसे घेतील आणि जातील. पैसे त्यांनी घेतले.

उदगीर, पानिपत, पाँडिचेरी

या युद्धाचा फायदा आधी पुण्यालाच झाला, हे मला वाचेपर्यंत माहीत नव्हतं.

१७५८मध्ये फ्रान्सहून आलेल्या लाली या सेनापतीनं सगळी ताकद मद्रासकडे वळवायची म्हणून बुसीला हैदराबादहून परत बोलावलं. दख्खनमधला फ्रेंचांचा खांबच निघाला. १७५९मध्ये इंग्रजांनी मच्छलीपट्टण घेतल्यावर सलाबतजंगनं बाजू बदलली. पुढच्या जानेवारीत वांदिवाशला आयर कूटनं लालीचा पराभव केला आणि बुसी कैद झाला.

हैदराबादच्या फ्रेंच पद्धतीच्या फौजेत तयार झालेला एक सरदार होता, इब्राहिमखान गारदी. बुसी गेल्यावर त्याची वाट बदलली आणि तो कवायती पलटणी व तोफखान्यासह मराठ्यांकडे आला. फेब्रुवारी १७६०मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवलं, त्यात गारद्यांचा वाटा मोठा होता. सुमारे साठ लाख उत्पन्नाचा मुलूख आणि दौलताबादसारखा किल्ला मिळाला. बाहेरच्यांचं भांडण आपल्या पथ्यावर पडलं, असं पुण्यात कुणाला वाटलं असेल तर नवल नाही.

उदगीरनंतर काही आठवड्यांतच तीच फौज, तोच तोफखाना, तेच भाऊ उत्तरेकडे निघाले.

पानिपत या युद्धाचा भाग नाही. अब्दाली ना लंडनसाठी आला होता ना पॅरिससाठी. ओढूनताणून संबंध लावायचा मला मोह नाही. पण १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर गारदी ज्या पद्धतीनं लढला, ती त्यानं फ्रेंचांच्या तालमीत उचललेली होती. लढाईनंतर पकडून त्याला मारण्यात आलं. आणि दोनच दिवसांनी, १६ जानेवारीला, सुमारे दोन हजार किलोमीटर दक्षिणेला पाँडिचेरीत इंग्रज फौज शिरली. फ्रेंचांची भारतातली राजधानी पडली.

एकाच आठवड्यात इंग्रजांचे दोन सगळ्यात मोठे प्रतिस्पर्धी कोसळले. एकाला त्यांनी पाडलं, दुसऱ्याला हातही लावला नाही. पुण्याला पुढे माधवराव मिळाले आणि मराठे सावरले, हे खरं. पण ते सावरेपर्यंत बंगालचा पैसा इंग्रजांच्या हातात गेला होता, आणि किनाऱ्यावरचे व्यापारी आता व्यापारी राहिले नव्हते.

हिशेब

युद्ध संपतानाही बातमी उशिराच पोचली. १७६२च्या ऑक्टोबरात मद्रासहून गेलेल्या ब्रिटिश मोहिमेनं स्पेनकडून मनिला जिंकलं. फेब्रुवारी १७६३मध्ये पॅरिसला तह झाला तेव्हा ही बातमी युरोपात पोचलीच नव्हती. तहात मनिलाचं नावच नाही. शहर पडलं, माणसं मेली, आणि ज्यांच्या नावानं हे झालं त्यांना ते माहीतही नव्हतं.

मग मिळालं कुणाला काय?

युरोपात सात वर्षं लढून सरहद्दी जवळजवळ होत्या तिथेच राहिल्या. सायलेशिया फ्रेडरिककडेच. ब्रिटनला कॅनडा मिळालं, भारतात पाय रोवता आले, आणि साडेसात कोटी पौंडांच्या आसपासचं सरकारी कर्ज तेरा कोटींवर गेलं. ते फेडायला अमेरिकन वसाहतींवर कर बसवले, त्यातून पुढे क्रांती झाली आणि तिचा सेनापती झाला ओहायोच्या जंगलातला तो मुलगा. फ्रान्सवरही कर्ज चढत गेलं. १७८९मध्ये तिथे काय झालं ते आपण वेगळ्या धड्यात शिकलो.

आणि ओहायो? ब्रिटिश राजानं ऑक्टोबर १७६३मध्ये फर्मान काढलं, वसाहतवाल्यांनी डोंगरांच्या पश्चिमेला वस्ती करायची नाही. ज्या जमिनीच्या धंद्यापायी पहिली गोळी सुटली, तो धंदाच बेकायदा ठरला. तानाघ्रिसन तर १७५४च्या ऑक्टोबरातच आजारपणात वारला होता. त्याच्या लोकांची जमीन पुढे अमेरिकेनं घेतली. मीर जाफर नावापुरता नवाब उरला. सलाबतजंगला भावानंच पदच्युत केलं. विजयदुर्ग पेशव्यांकडे राहिला, १८१८पर्यंत. मग तोही इंग्रजांकडे गेला.

यादी पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. ज्या छोट्यांनी मोठ्यांना आपल्या भांडणात बोलावलं, त्यांतला एकही शेवटच्या टेबलावर बसलेला नाही. पॅरिसच्या तहात ओहायोचे आदिवासी नाहीत, बंगाल नाही, पुणे नाही.

हल्ली मोबाइलवर रोज कुठल्यातरी सरहद्दीचा नकाशा येतो, लाल-निळे बाण काढलेला. आपण विचारतो, सुरुवात कुणी केली, चूक कुणाची. मीही विचारतो. पण विजयदुर्गनंतर आणखी एक प्रश्न डोक्यात येतो. या भांडणाला कुठली दुसरी भांडणं बांधली जातायत? कोण कुणाकडून शस्त्रं, जहाजं, पैसे उसने घेतोय, आणि देणारा बदल्यात काय मोजतोय? ठिणग्या पडणं थांबवता येत नाही, एवढं माझ्या धंद्यानं मला शिकवलंय. जोडण्या मात्र माणसंच करतात, दिवसाढवळ्या, सह्या करून.

काकांचा नंबर होता, म्हणून परवा त्यांना फोन केला. म्हटलं, काका, क्लाइव्ह कोकणात का आला ते सापडलं.

"का?"

"बोलावणाऱ्यांत आपणही होतो."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "रविवारी पुण्याची शाळा येतेय. त्यांना सांगतो. पण जरा नीट सांगा, मी लिहून घेतो."